ड्रायरची ऊब घरात वळवावी का?

वाचक विचारतात:

ताई, आम्ही मिनिॲपोलिसजवळ राहतो. घर १९५० च्या सुमाराचं, छोटंसंच. बेसमेंट धरून १,६०० चौरस फूट. ड्रायर विजेवरचा आहे आणि बेसमेंटमध्ये घर तापवणारी फर्नेस नि वॉटर हीटरच्या शेजारीच बसवलाय. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. बाहेर भिंतीतून ड्रायरची वाफ भसाभसा निघताना त्यांनी पाहिली आणि म्हणाल्या, "घर गरम करायला एकीकडे पैसे मोजता आणि गरम हवा दुसरीकडे रस्त्यावर सोडता, हे काय?" झालं, ते नवऱ्याच्या डोक्यात बसलं. ड्रायरचा पाइप मध्येच तोडून हवा घरात सोडणारी एक झडप नि लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटणारे तंतू, अडवायला पाण्याचा डबा, असं किट त्याने मागवलंसुद्धा. तो म्हणतो, घरातली हवा इतकी कोरडी आहे की मुलाच्या नाकातून रक्त येतं, त्यामुळे ओलावाही मिळेल आणि ऊबही. मला मात्र धास्ती वाटते, कारण सासूबाईंना दमा आहे. पण कारण नीट सांगता येत नाही, म्हणून माझं कोणी ऐकत नाही. वीज आम्हाला युनिटला १५ सेंट पडते, गॅस थर्मला साधारण १ डॉलर. आठवड्याला पाच लोड होतात. आणखी एक छोटा प्रश्न: कपडे वाळल्यावर ड्रायरचं दार उघडं ठेवलं तर आतली ऊब खोलीत येते, ते तरी चालेल का?

— धास्तावलेली सून

प्रिय ताई,

किट बसवू नका. खोक्यातच असेल तर परत पाठवा. का, ते सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हाला घरात नीट मांडता येईल.

त्याआधी सासूबाईंबद्दल. त्यांनी बोट ठेवलंय ते अगदी योग्य जागी. फुकट जाणारी वस्तू डोळ्यांना खुपणं हा गुण आहे, आणि उणे २० अंश सेल्सिअसमध्ये घराच्या भिंतीतून गरम वाफेचा झोत बाहेर जाताना दिसला तर कुणालाही खुपेल. त्यांना उडवून लावू नका. त्या झोतात ऊब आहे हे खरंच आहे. पण त्यात ऊब वाटते त्यापेक्षा कमी आणि पाणी जास्त आहे, आणि सगळी अडचण तिथे आहे.

मशीनमधून पिळून निघालेले कपडे हाताला नुसते ओलसर लागतात, पण एका लोडमध्ये अजून सुमारे २ लिटर पाणी असतं. ड्रायरचं काम ते पाणी उडवणं. १ लिटर पाण्याची वाफ करायला जवळजवळ ०.६८ युनिट वीज लागते, म्हणजे २ लिटरला १.३६ युनिट. तुमचा ड्रायर एका लोडला साधारण ३ युनिट खात असेल. त्यातली निम्म्याला थोडी कमी ऊर्जा वाफेत कोंडलेली असते. ती हवेला तापवत नाही. माठाच्या बाहेरून पाणी झिरपून उडतं आणि आतलं पाणी गार होतं, कारण उडणारं पाणी उष्णता बरोबर घेऊन जातं. इथेही तेच. ती उष्णता परत मिळते ती वाफेचं पुन्हा पाणी होईल तेव्हाच, आणि तुमच्या घरात ते पाणी होणार कुठे? जिथे सर्वांत गार असेल तिथे: खिडकीच्या काचेवर, उत्तरेकडच्या भिंतीला लागून ठेवलेल्या कपाटामागे, पलंगाच्या उशालगतच्या कोपऱ्यात.

आता ओलाव्याचा मुद्दा. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं बिनबुडाचं नाही. मिनेसोटाच्या जानेवारीत बाहेरच्या हवेत पाणी जवळजवळ नसतंच, आणि तीच हवा घरात येऊन तापली की ओठ फुटतात, नाकात खपल्या धरतात, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. पण किती ओलावा हवा, ते बघा. तुमच्या घराची एकूण हवा १,६०० गुणिले ८ म्हणजे साधारण १२,८०० घनफूट. २१ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता धरली, तर एवढ्या सगळ्या हवेत मिळून जेमतेम २ लिटर पाणी असतं. आणि ड्रायर एका तासाच्या आत तितकंच पाणी त्यात आणखी ओतणार. थोडी वाफ फटींतून निघून जाईल, तरी आर्द्रता ६० टक्क्यांच्या दिशेने धावेल. ३० टक्क्यांना हवेतलं पाणी ३ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर साचायला लागतं. ६० टक्क्यांना ते १३ अंशांवरच साचतं. बाहेर उणे २० असताना दुहेरी काचेचीसुद्धा आतली बाजू १३ अंशांना राहत नाही. मग काचा घळघळ गळणार, चौकटीखालचं लाकूड काळं पडणार.

ते निदान दिसतं तरी. न दिसणारं जास्त वाईट. गरम दमट हवा वर चढते आणि दिव्यांच्या भोकांतून, पोटमाळ्याच्या झाकणाच्या फटीतून अ‍ॅटिकमध्ये शिरते. तिथे छताच्या फळ्यांना आतून बर्फाची खरवड धरते. आठवडे काही कळत नाही. मग फेब्रुवारीत एक दिवस ऊन पडतं, बर्फ वितळतो आणि छताला ओल येते. लोक छत गळतंय म्हणून माणूस बोलावतात. छत धड असतं, पाणी आतूनच आलेलं असतं.

मुलाच्या नाकासाठी ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, आणा. त्याला किती टक्क्यांवर थांबायचं ते सांगता येतं आणि तो थांबतो. ड्रायरला तसं काही सांगता येत नाही. कपडे वाळेपर्यंत तो पाणी सोडतच राहणार, आणि एका दिवशी तीन लोड लावलेत तर तीन पट. आणि नाकातून रक्त येणं ओलावा वाढवूनही थांबलं नाही, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंच्या दम्याबद्दल तुमची धास्ती रास्त आहे. ड्रायरच्या जाळीत अडकते ती जाड लिंट. बारीक तंतू जाळीतून पार होतात. पाण्याच्या डब्यावरून हवा वळवली की त्यातले काही पाण्यात बसतात, काही नाही. डब्यातलं पाणी हळूहळू कमी होतं, आणि भरायचं राहिलं की तोही आडोसा उरत नाही. शिवाय कपडे मऊ करायच्या सुगंधी पट्ट्या वापरत असाल तर त्यांचा वास, त्यातली रसायनं, सगळं घरातल्या हवेत. बाहेर उणे २० असताना खिडक्या बंद, आणि दम्याचं माणूस दिवसभर आतच. त्यात ओलीमुळे भिंतीला बुरशी धरली तर ती दम्याला आणखी वेगळा त्रास देते. बाकी सगळे हिशेब बाजूला ठेवले तरी तुमच्या घरात एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं.

काही लोक डब्याऐवजी पाइपच्या तोंडाला जुना पायमोजा बांधतात. ते तर कधीच करू नका. मोजा लिंटने भरतो, हवा तुंबते, ड्रायर आतून जास्त तापतो, आणि लिंट वाळक्या कापसासारखी पेट घेते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीनुसार घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या, आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं हे होतं. घर बांधणीच्या नियमांतही ड्रायरची हवा बाहेरच सोडा असं म्हटलंय. सूट आहे ती फक्त मुळातच पाइप नसलेल्या ड्रायरना.

आता पैसे, कारण घरात शेवटी वाद तिथेच येणार. तुमच्या दराने एका लोडची वीज ४५ सेंट. घर मात्र तुम्ही गॅसवर तापवता. १ थर्म म्हणजे २९.३ युनिट, फर्नेस चांगली, ९५ टक्के कार्यक्षमतेची धरली तर एक युनिट ऊब तुम्हाला ३.६ सेंटला पडते. विजेच्या चौथ्या हिश्श्याहून कमी. ड्रायरच्या ३ युनिटांतून वाफेत कोंडलेली १.३६ वजा केली की उरली १.६४ युनिट, म्हणजे ६ सेंटांची ऊब. सासूबाईंना जी उधळपट्टी दिसतेय ती लोडमागे ६ सेंटांची आहे.

पण दुसरी एक उधळपट्टी आहे, आणि ती भिंतीबाहेर वाफेसारखी दिसत नाही. ड्रायर मिनिटाला १०० ते १५० घनफूट हवा बाहेर फेकतो. १२० धरा. ५० मिनिटांत ६,००० घनफूट, म्हणजे तुमच्या घरातली जवळजवळ निम्मी हवा. तेवढीच हवा बाहेरून आत यावी लागते, आणि ती येते दारांच्या, खिडक्यांच्या, पायाच्या फटींतून, उणे २० अंशांची. तिला पुन्हा उबदार करायला फर्नेसला सव्वादोन युनिट खर्च येतो: ८ सेंट. म्हणजे ड्रायर चालू असताना तो घराला गार करत असतो, आणि पाइपातून जाणाऱ्या उबेपेक्षा हा खर्च मोठा आहे. ड्रायर लावल्यावर हॉलमध्ये पायांना गार वारा लागतो असं वाटत असेल तर तो भास नाही.

किट बसवलंत तर ६ आणि ८ मिळून १४ सेंट वाचतील, हे मी लपवणार नाही. पूर्ण हिवाळ्यात शंभर लोड धरले तर १४ डॉलर, तेही रोज उणे २० धरून. मार्चमध्ये त्याहून कमी. खिडकीची एक चौकट बदलायला त्याच्या कितीतरी पट लागतील.

हवा ओढून घेण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि किट बसवा किंवा न बसवा, तुम्हाला तो माहीत असायलाच हवा. तुमचा वॉटर हीटर ड्रायरच्या शेजारी आहे. तो जुन्या पद्धतीचा, म्हणजे वर धुरांड्याला नुसता उघड्या टोपीने जोडलेला असेल, तर त्याचा धूर केवळ गरम असल्यामुळे वर चढतो. त्याला ढकलणारा पंखा नसतो. बेसमेंटचं दार बंद, ड्रायर चालू, वर स्वयंपाकघरातला एक्झॉस्टही चालू, असं झालं की बेसमेंटमधला हवेचा दाब उतरतो आणि तो धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास, ना रंग. मिनेसोटाच्या कायद्याने झोपायच्या प्रत्येक खोलीपासून १० फुटांच्या आत त्याचा अलार्म लागतो. सासूबाई ज्या खोलीत झोपतात तिथून अंतर मोजा. अलार्मच्या मागे त्याची मुदत छापलेली असते, तीही पाहा. आणि ड्रायर चालू असताना बेसमेंटचं दार उघडं ठेवा. फर्नेसच्या वार्षिक तपासणीला माणूस येईल तेव्हा ड्रायर नि एक्झॉस्ट दोन्ही चालू ठेवून वॉटर हीटरचा धूर नीट वर जातो का, ते त्याला तपासायला सांगा. हे काम उद्यावर टाकू नका.

मग करायचं काय? बाहेर जाणारी ऊब पकडण्यापेक्षा ती निर्माणच कमी करायची. पाणी उष्णतेने उडवणं महाग, फिरवून काढणं स्वस्त. वॉशिंग मशीनचा स्पिन सर्वांत जोरात ठेवा, आणि जीन्स, टॉवेल, चादरी असतील तेव्हा धुणं झाल्यावर नुसता स्पिन आणखी एकदा द्या. त्यात जाणारी वीज नगण्य असते आणि ड्रायर लवकर थांबतो. टॉवेलांबरोबर पातळ कुर्ते घालू नका. टॉवेल वाळेपर्यंत कुर्ते उगाच भाजत राहतात.

आणि दुसरं, ज्यासाठी सासूबाईंची खरी मदत घ्या: काही धुणी घरात वाळत घाला. सांगलीच्या पावसाळ्यात घरातल्या वलणीवर कपडे वाळवण्यात त्यांची हयात गेली असेल. कपडा झटकून, दोन कपड्यांत बोटभर अंतर ठेवून, जाड कडा वर घेऊन कसा घालायचा, हे त्यांना मला किंवा तुम्हाला शिकवायला लागणार नाही. एक घडीचा स्टँड आणा. बेसमेंटच्या गार भिंतीशी नको. वर, खोलीच्या मध्याकडे, फर्नेसची गरम हवा येते त्या जाळीपासून थोड्या अंतरावर ठेवा.

तुम्ही म्हणाल, पाणी तर तेवढंच, २ लिटर. मग ओल धरणार नाही का? फरक वेगाचा आहे. ड्रायर ते तासाच्या आत ओततो, स्टँडवर त्याला दहा-बारा तास लागतात. तुमच्या घराइतक्या जुन्या घरात फटींतून हवा सतत बदलत असते, ती एवढी वाफ सहज बाहेर नेते, आणि मधल्या काळात घराला तोच ओलावा मिळतो जो तुमच्या नवऱ्याला हवा होता, लिंटच्या झोताशिवाय. दहा-पंधरा डॉलरचं हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, आणून हॉलमध्ये ठेवा. आकडा ३० च्या खाली असेल तर स्टँड लावा. ३५ च्या वर गेला, किंवा काचेच्या खालच्या कडेला घाम दिसला, तर त्या दिवशी ड्रायर. कडाक्याची लाट आली की ३० सुद्धा जास्त ठरतात. काचेकडे बघून ठरवा. ज्या दिवशी स्टँड, त्या दिवशी ह्युमिडिफायर बंद. सुगंधी द्रव्य न घातलेलीच धुणी घरात वाळवा, दम्यासाठी.

याचा खर्च पाहा. स्टँडवरचं पाणी उडायला लागणारी १.३६ युनिट उष्णता खोलीतून, म्हणजे गॅसच्या उबेतून जाते: ५ सेंट. ड्रायरचे वीज नि गार हवा मिळून ५३ सेंट. लोडमागे ४८ सेंट वाचले. आठवड्याच्या पाचपैकी दोनच लोड स्टँडवर घातलेत तरी हिवाळ्याच्या चाळीस लोडांत १९ डॉलर होतात. जे किट सगळ्या शंभर लोडांत १४ वाचवणार होतं, त्याहून हे जास्त. नवऱ्यासमोर हा हिशेब कागदावर मांडा. त्याला काटकसर हवी आहे, आणि ती त्याला इथे मिळतेय. "तुझं चुकलं" हे वाक्य मध्ये आणायचीच गरज नाही.

त्याच्या हातांना काम हवं असेल तर तेही आहे. बाहेरच्या भिंतीवरची ड्रायरची झडप लिंट नि बर्फ अडकून अर्धवट उघडी राहते आणि मग चोवीस तास तिथून गार हवा आत येते. ती साफ करून आपोआप मिटते का बघा. तिच्यावर जाळी कुणी बसवली असेल तर काढा. जाळीत लिंट तुंबते. ड्रायरमागचा पाइप प्लास्टिकचा किंवा चुरगळलेल्या फॉइलचा असेल तर ४ इंची गुळगुळीत धातूचा बसवून घ्या, वळणं कमीत कमी. हवा मोकळी झाली की ड्रायर लवकर थांबतो, म्हणजे वीजही वाचते आणि बाहेर फेकली जाणारी घरातली हवाही.

हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या मनात असं किट असेल, तर आधी ड्रायरच्या मागे पाहा. गॅसची नळी दिसली तर हा विचार तिथेच सोडा. गॅसच्या ड्रायरच्या हवेत जळणाचा धूर, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड मिसळलेला असू शकतो. तो घरात सोडणं जिवावर बेततं.

सासूबाईंच्या प्रश्नाचं पुरेपूर उत्तर म्हणजे हीट पंप ड्रायर. त्याला बाहेर जाणारा पाइपच नसतो. आतली हवा आतच फिरते, वाफ थंड करून तिचं पाणी नळीने किंवा टाकीत काढलं जातं, आणि वीज साध्या ड्रायरच्या निम्म्याच्या आसपास लागते. जी लागते ती सगळी शेवटी ऊब होऊन घरातच राहते, आणि बाहेरची गार हवाही ओढली जात नाही. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ पासून नवे ड्रायर याच प्रकारचे विकले जातात. महाग आहे, वेळ जास्त घेतो, आतला फिल्टर वारंवार धुवावा लागतो. तुमचा ड्रायर धडधाकट असेल तर केवळ यासाठी तो बदला असं मी म्हणणार नाही. तो मोडेल तेव्हा मात्र दुरुस्तीच्या आधी याची किंमत काढा. वीज कंपनी सवलत देते का तेही विचारा.

राहिला दाराचा प्रश्न. कपडे वाळल्यावर आतली हवा कोरडी असते, तेव्हा दार उघडून ऊब खोलीत येऊ द्यायला काहीच हरकत नाही. फार नसते, पण अपायही नसतो. फक्त घरात लहान मूल आहे, म्हणून कपडे काढून होईपर्यंत तिथेच उभ्या राहा आणि निघताना दार लावून घ्या. मुलं आत शिरून लपतात.